डिशवॉशर : वऱ्हाडातील निवड आणि वापर

डिशवॉशर : ताटे, वाट्या, पेले व स्वयंपाकाची भांडी गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन वाळवणारे घरगुती विद्युत यंत्र. यात भांडी जाळीच्या कप्प्यांत स्थिर राहतात आणि फवारे सोडणारे पोकळ हात पाण्याच्या दाबाने फिरतात. तळाशी उतरलेले पाणी गाळणीतून गाळून पुन्हा फवारले जाते. त्यामुळे आजच्या यंत्रांना एका खेपेस साधारण ९ ते १२ लिटर पाणी पुरते. अमेरिकेतील जोसेफिन कॉक्रन यांना अशा यंत्राचे पेटंट १८८६ मध्ये मिळाले आणि १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. भारतात २०२० च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या बायांचे येणे थांबले, तेव्हा त्याची मागणी एकदम वाढली.

पाणी : अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत यंत्र निवडताना सर्वांत आधी पाणी पाहावे लागते. अमरावती शहराला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून, तर अकोल्याला महान येथील काटेपूर्णा प्रकल्पातून पाणी मिळते. अकोल्यात नळ रोज येत नसल्याने बरीच घरे बोअरचे पाणीही टाकीत घेतात. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतून खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजल खारे आहे.

जड पाणी आणि खारे पाणी एक नव्हे. पाण्याला जडपणा येतो तो कॅल्शियम व मॅग्नेशियममुळे. यंत्रातील मृदूकरण कप्प्यात राळेचे मणी असतात. ते हे दोन घटक धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मण्यांची ही ताकद मिठाच्या पाण्याने परत येते, म्हणून यंत्रात मीठ भरावे लागते. त्यासाठी डिशवॉशरचे जाडे मीठच घ्यावे. स्वयंपाकाच्या बारीक मिठात आयोडीन व गुठळ्या न होऊ देणारे पदार्थ असतात, ते येथे चालत नाहीत.

या कप्प्याने जडपणा जातो, खारेपणा मात्र तसाच राहतो. म्हणून खारपाणपट्ट्यातील बोअरचे पाणी जोडल्यास मीठ भरूनही पेल्यांवर पांढुरके डाग राहतात, आणि क्लोराइड जास्त असल्यास स्टीललाही टिपके पडू शकतात. अशा गावांत वान, शहानूर यांसारख्या धरणांवरील योजनेचे नळाचे पाणी वेगळ्या टाकीत साठवून तेच यंत्राला द्यावे.

फिल्टरवाल्याकडील टीडीएस मीटर एकूण विरघळलेले क्षार दाखवतो. त्यातून जडपणा कळत नाही, त्याची चाचणी वेगळी करावी लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत चालते. यंत्राच्या पुस्तिकेत जडपणा बहुधा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक अंश म्हणजे सुमारे १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे ६०० मिलिग्रॅमचे सुमारे ३४ अंश झाले. आपल्या पाण्याचा आकडा यंत्राच्या मर्यादेत बसतो की नाही, हे विकत घेण्याआधी पाहावे आणि यंत्र बसवताना तोच आकडा त्यात भरावा.

निवड : ६० सेंटिमीटर रुंदीच्या यंत्रात १२ ते १६ जणांची, तर ४५ सेंटिमीटरच्या यंत्रात ८ ते १० जणांची भांडी मावतात असे कंपन्या सांगतात. ही मोजणी पाश्चात्त्य पद्धतीच्या बशा-पेल्यांची आहे. कुकर, कढई, गंज आणि भाकरीची परात ठेवली की जागा झपाट्याने संपते. म्हणून चार-पाच माणसांच्या घरालाही मोठे यंत्र सोयीचे पडते. वरचा कप्पा वर-खाली करता येणे, खालच्या कप्प्यातील दांड्या आडव्या पाडता येणे आणि ७० अंशांचा जोरकस कार्यक्रम असणे या तीन गोष्टी दुकानात तपासाव्यात.

बहुतेक यंत्रांना किमान ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. टाकीतील पाणी यंत्राच्या तोटीहून १० मीटर उंच असेल तर सुमारे १ बार दाब मिळतो. एकमजली घराच्या स्लॅबवरील टाकीतून ०.३ बार जेमतेम भरतो. अशा घरी टाकी उंच करावी किंवा छोटा प्रेशर पंप लावावा. पाणी तापवण्यासाठी आत हीटर असल्याने अर्थिंग असलेला १५-१६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग लागतो.

विसळावे की नाही : खरकटे काढावे, विसळू नये. डिशवॉशरच्या पावडरीतील विकरे म्हणजे एन्झाइम पिष्ट आणि प्रथिने तोडतात, तर तिच्यातील अल्कली तेलकटपणा काढते. चुलीच्या राखेने भांडी निघत, त्यामागेही घासण्याबरोबर राखेतील अल्कलीचा हात होता. अनेक यंत्रांत पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. भांडी आधीच विसळलेली असली की त्याला पाणी स्वच्छ दिसते, यंत्र हलका कार्यक्रम निवडते आणि कढईच्या कडेचे तेल तसेच राहते.

पाण्याचा हिशेबही हेच सांगतो. मिनिटाला ६ लिटर सोडणाऱ्या नळाखाली दोन मिनिटे विसळले की १२ लिटर जातात, म्हणजे यंत्राची एक पूर्ण खेप.

भांडी भिजत घालण्याची वऱ्हाडी सवय मात्र चुकीची नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा ताटातले पिठले आणि परातीतले ज्वारीचे पीठ बघता बघता कडक होते. हाताने घासताना त्याला भिजवणे हाच उपाय असतो. यंत्रात भांडी रात्रीपर्यंत थांबणार असतील तर थोड्या पाण्यात चालणारा पूर्व-धुलाईचा कार्यक्रम लावावा. करपलेले दूध, तळाला लागलेले वरण आणि परातीला चिकटलेली कणीक आधी भिजवून खरवडावी. गाळणीही नियमित धुवावी.

काय ठेवू नये : लोखंडी तवा गंजतो आणि त्यावरचा तेलाचा थर जातो. ॲल्युमिनियम काळे पडते, तांब्या-पितळेची चमक उतरते आणि कल्हईही खराब होते. लाकडी पोळपाट-लाटणे वाकते किंवा तडकते. ही भांडी हातानेच धुवावीत.

ज्या घरी नळाचे पाणी पुढच्या पाळीपर्यंत पुरवायचे असते, त्या घरी हे यंत्र खरोखर पाणी वाचवू शकते. त्यासाठी वाहत्या नळाखाली विसळण्याची सवय मात्र सोडावी लागते.