वॉर्डची बरणी

शहरांतील घरांत रोपें हौसेनें आणलीं जातात, आणि त्यांपैकीं पुष्कळशीं वर्षभराच्या आंतच नाहींशीं होतात. रविवारीं माळ्याकडून गुलाबाचें किंवा क्रोटनचें रोप येतें. गॅलरीच्या कठड्यावर कुंडी बसते. घरांतील प्रत्येक माणूस जातां येतां तिच्यांत तांब्याभर पाणी ओततो. आठवड्यानें पानें पिवळीं पडूं लागतात. झाड कोमेजलें म्हणून पाणी आणखी वाढतें. पुढच्या रविवारीं रोप उपटून पाहावें, तों मुळें काळीं पडून कुजलेलीं! मग 'आमच्या हाताला झाड लागत नाहीं' असा निर्णय होतो व रिकामी कुंडी जिन्याखालीं जाते. हाताचा यांत कांहीं दोष नसतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि ज्या रोपाला मुळें नीट धरलेलीं नाहींत त्याला मातींतल्या पाण्यापेक्षां पानांभोंवतालच्या ओलाव्याची गरज अधिक असते, ही गोष्ट ध्यानांत न आल्याचा तो परिणाम होय. ही गोष्ट मोठमोठ्या उद्यानपंडितांनाहि फार उशिरां कळली. आणि ती कळेपर्यंत समुद्रावर जीं रोपें मेलीं त्यांची गणतीच नाहीं.

अठराव्या शतकांत युरोपांतील राष्ट्रें परमुलखांतील वनस्पति मिळविण्यासाठीं अक्षरशः धांवत सुटलीं होतीं. बीं वाळवून आणतां येई. परंतु कित्येक झाडांचें बीं वाळलें कीं मरतें, आणि कित्येकांचा गुण बियांतून उतरत नाहीं. तेव्हां जिवंत रोपच आणणें भाग पडे. तें आणावयाचें कसें? जहाजाच्या तळाशीं ठेवावें तर उजेड नाहीं. वर ठेवावें तर खाऱ्या पाण्याचे तुषार पानांवर बसून पानें जळत. गोडें पाणी तर खलाशांनाच मोजून मिळे; तें झाडांना कोण घालणार? उंदीर होते, वादळें होतीं, आणि वादळांत जहाज हलकें करण्याची वेळ आली तर समुद्रांत आधीं कोणता माल फेंकला जाईल हें सांगावयास नकोच. चीनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लिव्हिंग्स्टन नांवाच्या एका डॉक्टरानें १८१९ सालीं लंडनच्या उद्यानसंस्थेला कळविलें कीं, चीनहून निघालेल्या हजार रोपांपैकीं जेमतेम एक इंग्लंडांत जिवंत पोंचतें.

'बाउंटी' जहाजाची हकीकत पुष्कळांना बंडाची म्हणून ठाऊक असते. मूळची ती झाडांची आहे. वेस्ट इंडिजमधील गुलामांना स्वस्त अन्न मिळावें म्हणून ताहितीहून विलायती फणसाचीं रोपें नेण्यासाठीं तें जहाज १७८७ सालीं निघालें. कप्तानाची मोठी खोली काढून घेऊन तींत कुंड्यांसाठीं भोंकांच्या फळ्या बसविल्या होत्या. माणसें दाटीवाटीनें राहत, झाडें ऐसपैस. १७८९ च्या एप्रिलमध्यें खलाशांनीं बंड केलें, कप्तान ब्लाय याला होडींत सोडून दिलें, आणि हजारांवर रोपें समुद्रांत फेंकून दिलीं. बंडाचें कारण झाडें होतीं असें म्हणतां येणार नाहीं. पण फेंकतांना त्या लोकांना वाईट वाटलें नसावें, एवढें खास.

या अडचणीचा उलगडा कोणा दर्यावर्दी पुरुषानें केला नाहीं, कीं राजाश्रय असलेल्या शास्त्रज्ञानेंहि केला नाहीं. लंडनच्या पूर्वभागांत, गोद्यांच्या शेजारीं, वेलक्लोज चौकांत नॅथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड हा डॉक्टर राहत असे. रोगी पाहण्याचा धंदा. वेड मात्र झाडांचें व किड्यांचें. त्याला आपल्या घराच्या मागें दगडांची रास रचून तिच्यावर नेचे आणि शेवाळ वाढवावयाचें होतें. परंतु सभोंवतीं कोळशाचा धूर ओकणारीं धुराडीं. काजळी पानांवर बसून एकामागून एक नेचे मेले. वॉर्डनें अखेर तो नाद सोडला.

१८२९ च्या उन्हाळ्यांत त्यानें एका पतंगाचा कोश रुंद तोंडाच्या कांचेच्या बरणींत ओलसर मातींत पुरला व झांकण लावून ठेविलें. पतंग बाहेर पडतांना पाहावा एवढाच हेतु. तो रोज बरणी पाही. दिवसां ऊब वाढली कीं मातींतील ओल वाफ होऊन वर जाई, कांचेवर थेंब जमत, आणि ते ओघळून पुन्हां मातींत मिळत. त्यामुळें माती कधीं सुकत नसे आणि कधीं चिखलहि होत नसे. कोशांतून पतंग निघण्याच्या सुमारास मातीवर दोन हिरवे कोंब दिसले. एक नेच्याचा, एक गवताचा. ज्या नेच्यासाठीं त्यानें वर्षानुवर्षें खटपट केली होती तो काळजी घेतल्याविना, पाणी घातल्याविना, काजळीच्या त्या शहरांत बरणींत उगवला होता!

वॉर्डनें ती बरणी खिडकीबाहेर ठेविली. सुमारें चार वर्षें त्या झाडांना कोणीं पाणी घातलें नाहीं. गवताला एकदां फुलोराहि आला. पुढें तो परगांवीं गेला असतां झांकण गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें, आणि झाडें कुजून मेलीं. ज्या झाडांना चार वर्षें पाण्याची वाण भासली नाहीं तीं पाणी फार झाल्यामुळें गेलीं, हें विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे. स्कॉटलंडांतील मॅकोनोकी नांवाच्या गृहस्थानें असाच प्रयोग वॉर्डच्याहि आधीं केला होता असें मागाहून समजलें. पण त्यानें तो घरांतच ठेविला, आणि वॉर्डनें १८४२ सालीं पुस्तक लिहिलें. नांव पुस्तक लिहिणाऱ्याचें झालें. वॉर्डनेंहि मॅकोनोकीचा आधीचा प्रयोग कबूल केला, हें त्याला शोभण्यासारखेंच होतें.

हॅकनी येथील लॉडिजेस यांची रोपवाटिका त्या काळीं प्रसिद्ध होती. तिच्या साहाय्यानें वॉर्डनें लांकडी तळाच्या व कांचेच्या उतरत्या छपराच्या दोन पेट्या करविल्या, त्यांत नेचे, शेवाळ व गवतें लावलीं, आणि १८३३ च्या जूनमध्यें त्या कप्तान मॅलर्ड याच्या जहाजावरून ऑस्ट्रेलियांत सिडनीस पाठविल्या. सूचना अशी कीं, पेट्या उजेडांत ठेवाव्या आणि उघडूं नयेत. तिकडून कप्तानाचें पत्र आलें: दोनतीन नेचे सोडल्यास सर्व झाडें जिवंत आहेत, आणि गवत तर इतकें माजलें आहे कीं पेटीचें छप्पर वर उचलूं पाहत आहे. रिकाम्या झालेल्या पेट्यांत तिकडचीं रोपें भरलीं. परतीच्या वाटेवर हॉर्न भूशिराजवळ जहाजावर बर्फ सांचलें, पारा २० अंश फॅरनहाइटपर्यंत उतरला. विषुववृत्तावर तोच १२० वर चढला. आठ महिन्यांत एकदांहि पाणी घातलें नाहीं. पेट्या लंडनला उघडल्या तेव्हां, पूर्वीं कधींहि जिवंत न पोंचलेला एक ऑस्ट्रेलियन नेचा आंत हिरवागार उभा होता. पुढें लॉडिजेस यांनीं अशा शेंकडों पेट्या वापरून हिशेब सांगितला. पूर्वीं वीस रोपांपैकीं एकोणीस मरत. आतां वीसांपैकीं एकोणीस जगतात.

त्यानंतरचा इतिहास सर्वस्वीं सुखाचा नाहीं. रॉबर्ट फॉर्च्यून यानें १८४८ पासून चिनी पोषाख करून, डोकें भादरून व वेणी लावून, चीनच्या अंतर्भागांतून ईस्ट इंडिया कंपनीसाठीं चहाचीं रोपें व बीं गोळा केलें. स्पष्ट बोलावयाचें तर ती चोरीच होती. चहाचें बीं वाळलें कीं लवकर मरतें. म्हणून त्यानें तें पेटींतील मातींतच पेरून टाकलें, आणि तें वाटेंतच उगवलें. १८५१ सालीं बारा हजारांहून अधिक रोपें सहारणपुरास जिवंत पोंचलीं. क्वीनाइन देणारी सिंकोना दक्षिण अमेरिकेंतून हिंदुस्थानांत आली तीहि याच पेट्यांतून. मार्खम यानें १८६० सालीं आणलेलीं पहिलीं रोपें मुंबईमार्गें उटकमंडास पोंचलीं खरीं, परंतु लाल समुद्रांतील उष्म्यानें तीं इतकीं होरपळलीं होतीं कीं वांचलीं नाहींत. दुसऱ्या मार्गानें आलेलीं रोपें १८६१ मध्यें तेथें रुजलीं. कांचेची बंद पेटी उजेडांत ठेविली तर संजीवनी, आणि रणरणत्या उष्णतेंत ठेविली तर भट्टी. एकाच वस्तूचे हे दोन गुण मार्खमच्या रोपांनीं दाखविले.

घरांतील बागेला या इतिहासाचा उपयोग अगदीं थेट आहे. गुलाब, जास्वंद, मोगरा, क्रोटन यांचें छाटकलम लावतात तेव्हां त्या फांदीची स्थिति जहाजावरील रोपासारखीच असते. पानांतून ओल जात असते आणि ती भरून काढावयास मुळें नसतात. फांदी बोरूइतकी जाड व सहाआठ इंच लांब घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या किंचित् खालीं, धारदार चाकूनें करावा. खालचीं पानें काढून वर दोनच ठेवावीं. निम्मी वाळू मिसळलेल्या मातींत अर्धी फांदी रोवून, एकदां पाणी घालून, तें पूर्ण निथळूं द्यावें, आणि वर लोणच्याची रिकामी कांचेची बरणी पालथी घालावी. आजकाल पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी काडीच्या आधारानें चढविली तरी तेंच काम होतें. कुंडी उजेडांत ठेवावी, पण उन्हांत कदापि नको. वैशाखांतील तासाभराच्या उन्हानें बरणींतील फांदी शिजून निघेल. कांचेच्या आंतून थेंब दिसत आहेत तोंवर पाणी घालूं नये. येथें बहुतेकांचा धीर सुटतो. रोज बरणी उचलून पाहणें आणि फांदी हलवून मूळ फुटलें कीं नाहीं याची परीक्षा करणें, यांनीं जितकीं कलमें मरतात तितकीं किडीनेंहि मरत नसतील.

नवी पालवी फुटून टिकली म्हणजे बरणी एकदम काढूं नये. कोंदट ओलाव्यांत वाढलेलें पान कोंवळें असतें. उघड्या वाऱ्यांत तें दुपारपर्यंत मान टाकतें. पहिल्या दिवशीं कडेखालीं एक खडा ठेवावा, दोन दिवसांनीं मोठा खडा, आठवड्यानें बरणी फक्त दुपारीं घालावी. निवडुंग, कोरफड यांसारख्या कोरड्या मुलखांतील झाडांना मात्र हा उपचार मुळींच करूं नये. त्यांच्या कापाला दोनचार दिवस वाळूं देऊन मगच तीं लावावीं.

महाराष्ट्रांत वर्षांतून तीन महिने निसर्गच ही बरणी पालथी घालतो. आषाढ-श्रावणांतील ढगाळ, दमट हवेंत गांवठी गुलाबाची फांदी कुंपणाशीं खोंचली तरी लागते, हें खेड्यांतील बायकांना वॉर्डच्या कितीतरी पूर्वींपासून माहीत होतें. पुण्याजवळ दापोडी येथें १८२८ सालीं सरकारी वनस्पति-उद्यान निघालें, आणि १८३८ पासून अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरानें तें पुष्कळ वर्षें सांभाळलें; तेथें कामास असलेल्या माळ्यांनाहि पावसाळ्याचें हें मर्म कोणी शिकवावें लागलें नसेल. चहाच्या बियांचा धडाहि आपल्या परसांत आहे. आंबा, फणस, जांभूळ यांचें बीं डब्यांत जपून ठेविलें तर मरतें. खाल्ल्यावर आठवड्याच्या आंत तें मातींत जावें. पावसाळा संपला, आणि आश्विनाचें ऊन व कोरडा वारा सुरू झाला, कीं मात्र कलमाला कांचेची आठवण ठेवणें भाग आहे.

वॉर्डच्या पेट्यांतून रोपांबरोबर मातीहि आली, आणि मातीबरोबर किडे, अंडीं व बुरशीचे रोग. एका मुलखांतील कीड दुसऱ्या मुलखांत उतरली कीं तिला खाणारा शत्रु तेथें नसतो. या अनुभवावरून देशोदेशीं कायदे झाले. हिंदुस्थानांत असा कायदा १९१४ सालीं आला. तरीहि मेक्सिकोकडील पपईवरची पांढरी पिठ्या कीड २००८ सालीं कोइमतूरजवळ आढळली, आणि थोड्याच काळांत पपई, तुती, जास्वंद यांच्यावर पसरली. औषधें फवारून ती आवरेना. तेव्हां तिच्या मूळ प्रदेशांतील एक बारीकशी गांधीलमाशी २०१० सालीं आणून सोडावी लागली, आणि तिनें तें काम केलें.

घरीं येणाऱ्या नव्या कुंडीलाहि हाच नियम लावावा. ती आणल्याबरोबर जुन्या कुंड्यांच्या ओळींत बसवूं नये. पंधरा दिवस गॅलरीच्या दुसऱ्या टोंकाला एकटी ठेवावी, आणि रोज सकाळीं पानें उलटून देठाच्या बगलेंत पाहावें. तेथें कापसासारखा पांढरा ठिपका दिसला तर ओल्या फडक्यानें पुसून काढावा, व पंधरा दिवसांची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू करावी.