प्रोसेसरचे तापमान : नव्या संगणकातील विषम नोंदी

नव्याने जोडलेल्या संगणकात प्रोसेसरचे तापमान अपेक्षेहून फार अधिक, असंभाव्य कमी अथवा क्षणोक्षणी उसळणारे दिसू लागले, तर ती नोंद विषम समजावी. तिच्या मुळाशी प्रत्यक्ष उष्णता, मापनातील दोष किंवा आकड्याचा चुकीचा अन्वयार्थ यांपैकी काहीही असू शकते. म्हणून प्रकार कोणता याची शहानिशा केल्यावाचून सुटे भाग बदलीत सुटणे हा द्रव्याचा व श्रमांचा निव्वळ अपव्यय होय.

मापनाचे स्वरूप : इंटेलच्या प्रोसेसरमध्ये चिपच्या आतच वसवलेला संवेदक कमाल मर्यादेपासून चिप किती अंश खाली आहे एवढेच सांगतो, ही मर्यादा पुष्कळ प्रोसेसरांत 100° से. असून, तीतून ते अंतर वजा केले म्हणजे पडद्यावरचा आकडा सिद्ध होतो. साहजिकच मर्यादेजवळची नोंद भरवशाची असते आणि संगणक निवांत असतानाची तितकीशी नसते. साध्या पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीहून थंड राहूच शकत नाही, हे ध्यानी घेतले की 25 अंशांच्या खोलीत दिसणारे 18 अंश ही मापनाची त्रुटी ठरते. तसेच मदरबोर्डच्या एखाद्या नोंदीत सदैव अचल राहणारे 127 अंश बहुधा तेथे संवेदकच जोडलेला नसल्याचे दर्शवितात. 2017 साली ए.एम.डी.ने रायझन 1700एक्स व 1800एक्स यांच्या नोंदीत, पंख्यांचे नियंत्रण एकसारखे राहावे या हेतूने, 20 अंशांची भर बुद्ध्याच घातली होती. आणि 2022 च्या रायझन 7000 मालिकेतील कित्येक प्रोसेसरांनी पूर्ण भाराखाली 95 अंशांपर्यंत चढणे हे त्यांच्या रचनेस धरूनच आहे. बायोसमध्ये वीज वाचविणाऱ्या विश्रामावस्था सहसा अंमलात नसल्याने तेथील आकडाही काहीसा चढाच असतो.

निदान : आकडा नेहमी खोलीच्या तापमानाशी ताडून पाहावा. मे महिन्यात नागपुरातील 40 अंशांच्या खोलीत दिसणारे 80 अंश आणि डिसेंबरात नाशिकच्या 20 अंशांच्या खोलीत दिसणारे 60 अंश यांचा अर्थ, भार व पंख्याची गती समान असल्यास, जवळजवळ एकच होतो. त्याहूनही बोलकी असते ती तापमान चढण्याची रीत. भार पडताच काही सेकंदांत आकडा मर्यादेला भिडला, तर प्रोसेसर व कूलर यांचा संपर्क सदोष आहे, अथवा प्रोसेसर फार वीज ओढीत आहे, असा संशय घ्यावा. तोच आकडा मिनिटामिनिटाने चढत गेला, तर पंखा, द्रवशीतकाचा पंप किंवा कॅबिनेटमधील वायुवीजन यांकडे लक्ष वळवावे.

कारणे व दुरुस्ती : नव्या जोडणीत वारंवार आढळणारा कसूर म्हणजे कूलरच्या तळावरील पारदर्शक प्लॅस्टिकची पापुद्र्यासारखी चिकटपट्टी काढावयाची राहून जाणे. इंटेलच्या जुन्या धर्तीच्या कूलरच्या चार खुंट्यांपैकी एखादी पुरती न बसल्यास तळ एका बाजूस उचलला जातो. स्क्रू असल्यास ते समोरासमोरच्या कोपऱ्यांतील जोडीने, थोडेथोडे आवळावेत. कूलर एकदा उचलला की जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. ए.एम.डी.च्या एएम4 सॉकेटातून कूलर सरळ ओढल्यास पेस्टला चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येण्याचा व त्याच्या पिना वाकण्याचा धोका असतो; म्हणून संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग तो बंद करून व वीज तोडून कूलर हलकेच पिळीत सोडवावा. सर्व जोडणी निर्दोष असूनही उष्णता ओसरत नसेल, तर बायोसमधील वीजमर्यादा पाहावी. कोअर आय9-13900के या प्रोसेसरची मूळ मर्यादा 125 वॉट व टर्बो मर्यादा 253 वॉट असताना, कित्येक मदरबोर्ड त्याहून अधिक वीज ओढण्याची मुभा आपण होऊन देतात.

तापमानाची मर्यादा ओलांडू लागताच आधुनिक प्रोसेसर प्रथम आपली गती उतरवितो व शेवटी संगणक बंद पाडतो, त्यामुळे तो तत्काळ जळण्याची भीती फारशी नाही. परंतु या संरक्षणावर विसंबून दोष तसाच ठेवल्यास विकत घेतलेली कार्यक्षमता मात्र हाती येत नाही. दुरुस्तीनंतर खोलीचे तापमान, दिलेला भार, पंख्याची गती व स्थिरावलेला आकडा यांची लेखी नोंद ठेवावी, म्हणजे पुढे धूळ साचून किंवा पेस्ट सुकून होणारा बदल तिच्याशी ताडता येतो.