दोष कुठे, दाम कुठे

चाळीस हजार ते एक लाख रुपयांत घरी गाणं ऐकण्यासाठी संच घ्यायचा, तर आधी एवढंच विचारावं: ध्वनिमुद्रणातला मूळ आवाज सर्वांत जास्त कोण बिघडवतं? ज्याचा दोष मोठा तिथे पैसा घालावा, ज्याचा कानाला कळतही नाही तिथे हात आखडता घ्यावा. या निकषावर निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

धड बनवलेला ॲम्प्लिफायर 20 ते 20,000 हर्ट्‌झच्या पट्ट्यात बहुधा अर्धा डेसिबलही ढळत नाही. डॅक (डिजिटल संकेताचं ध्वनिसंकेतात रूपांतर करणारा भाग) त्याहून चोख. चांगला स्पीकरसुद्धा मात्र तीन-तीन डेसिबल वरखाली होतो, आणि खर्जात आवाज चढवला की त्याची विकृती टक्क्यांत मोजावी लागते. म्हणून निम्म्याहून जास्त रक्कम स्पीकरवरच जावी. कोणत्या स्पीकरवर? कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी श्रोत्यांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवून गुण द्यायला लावले. समोर सपाट आणि बाजूंनाही एकसारखा आवाज टाकणारे स्पीकर वर आले. पुढे हार्मन कंपनीतल्या प्रयोगांत, स्पीकर डोळ्यांना दिसत असले की श्रोत्यांचे गुण बदलतात, हेही दिसलं. पॉलिशचे पैसे डोळे मोजतात, कान नाही.

वॉटचा हिशेब प्रत्येकाने एकदा कागदावर करावाच. समजा स्पीकरची संवेदनशीलता 86 डेसिबल आहे, म्हणजे एका वॉटला एक मीटरवर तेवढा आवाज. अडीच मीटरवर बसलात तर मोकळ्या जागेत आठेक डेसिबल घटतात, जोडीमुळे तीन वाढतात, उरले 81. घरात सरासरी 75 पुष्कळ झाले, त्याला पाव वॉट पुरतो. समेवर तबला पंधरा डेसिबलनी उसळला तरी गरज आठ वॉटांची, वीसने उसळला तर पंचविसांची. पन्नासऐवजी शंभर वॉट घेतले की पदरात पडतात फक्त तीन डेसिबल, आणि तेवढे तर 89 संवेदनशीलतेचा स्पीकर घेतल्यानेही मिळतात (खर्जाची खोली थोडी कमी होऊ शकते, हे धरून). खोक्यावरचा हजारो वॉटांचा पीएमपीओ, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचा फुगवलेला आकडा, वाचूच नये. आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी शक्ती किती, किती ओहमला आणि किती विकृतीवर, हे विचारावं.

दुसरा मोठा दोष खोलीचा. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे 47 आणि 94 हर्ट्‌झचे सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतात. टीव्ही युनिटच्या कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर त्यात भर घालतो. तपासायला डग्गा ऐका. मनगटाच्या दाबाने घेतलेली मींड चढताना स्पष्ट कळली पाहिजे. प्रत्येक घाव एकाच सुरात ‘धुम्’ येत असेल, तर आधी स्पीकर भिंतीपासून फूटभर पुढे ओढा. नव्या ॲम्पचा विचार मग. फरशीचा आणि उघड्या भिंतींचा खणखणाट जाजम-पडद्यांनी उतरतो, खर्ज त्यांना जुमानत नाही.

वायरचा प्रश्न लवकर मिटतो. तांब्याच्या 2.5 चौरस मिलिमीटर वायरचा रोध किलोमीटरला आठेक ओहम. चार मीटर अंतराला जाऊन-येऊन आठ मीटर, म्हणजे 0.06 ओहम, आठ ओहमच्या स्पीकरपुढे एक टक्काही नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मीटरवारी मिळणारी वायर भागवते.

खरी किफायत वापरलेल्या स्पीकरांत आहे, कारण ॲप किंवा ब्लूटूथसारखे ते जुने होत नाहीत. फक्त वूफरची कड पाहून घ्यावी. रबराची टिकते; फोमच्या कडेचा मुंबई-कोकणच्या दमट हवेत काही वर्षांत भुगा होतो.

तुलना करताना दोन्ही स्पीकरांची पातळी फोनवरच्या मीटरने जुळवा, कारण एखाद्या डेसिबलने मोठा वाजणारा स्पीकर सरस वाटतो आणि दुकानात महागडाच किंचित मोठा लावलेला असू शकतो. घरी ऐकायला द्यायला किंवा आठवड्यात परत घ्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून स्पीकर घेऊ नका.