स्थलांतरितांची बटणपेटी

देवळात गायनवृंदाला साथ करणारी पेटी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. भात्यातील हवेने धातूच्या पट्ट्या कंप पावतात आणि स्वर उमटतो. याच तत्त्वावर चालणारे तिचे थोरले भावंड म्हणजे अकॉर्डियन. व्हिएन्नाच्या सिरिल डेमियन यांनी १८२९ साली या नावाचे पेटंट घेतले. पुढे स्लोव्हेनियात घरोघर पोहोचलेल्या बटणांच्या अकॉर्डियनचे एक वैशिष्ट्य आहे. भाता उघडताना बटण एक स्वर देते, मिटताना तेच बटण दुसरा. उजव्या हाताला चाल, डाव्या हाताला खर्ज; त्यामुळे एकटा वादक सबंध लग्नमंडळीला नाचवू शकतो. बोहेमियातला दोन मात्रांचा पोल्का आणि ऑस्ट्रियातला तीन मात्रांचा वॉल्ट्झ आल्प्सच्या खेड्यापाड्यांत या पेटीवर रुळले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरिबीने गांजलेले स्लोव्हेनियन कॅथलिक अमेरिकेस गेले. क्लीव्हलंडच्या कारखान्यांत त्यांना काम मिळाले, आणि १८९३ साली संत व्हायटस हा त्यांचा धर्मग्राम तेथे उभा राहिला. प्रार्थना मायबोलीत, आणि आनंदाच्या प्रसंगी बटणपेटी! १९२० च्या दशकात मॅट होयर या बटणपेटीवादकाच्या त्रिकुटाने पोल्का व वॉल्ट्झच्या तबकड्या काढल्या. ज्यांना गाव पुन्हा दिसण्याची आशा नव्हती, त्यांच्या खोलीत गाव असा वाजू लागला.

फ्रँकी यांकोविच याच वस्तीत वाढले. त्यांचा जन्म १९१५ चा. वडिलांच्या घरी राहणाऱ्या एका भाडेकरूकडून ते बटणपेटी शिकले. पुढे त्यांनी पियानोसारख्या पट्ट्यांचा अकॉर्डियन हाती घेतला. कंपन्यांनी नाकारले, तेव्हा १९३२ साली स्वखर्चाने ध्वनिमुद्रण केले. दुसऱ्या महायुद्धात बर्फाने त्यांचे हातपाय गोठले. डॉक्टरांनी ते कापण्याचा सल्ला दिला. यांकोविच यांनी तो मानला नाही. तेच हात पुन्हा वाजते झाले. 'जस्ट बिकॉज' हा पोल्का १९४८ साली आणि 'ब्लू स्कर्ट वॉल्ट्झ' १९४९ साली अमेरिकाभर गाजला. १९८६ साली पोल्कासाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार त्यांना मिळाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले, आणि २००९ साली तो पुरस्कारविभागही बंद झाला.

मात्र या यशासाठी मोजलेली किंमत दृष्टीआड करता येत नाही. देशभरच्या श्रोत्यांसाठी यांकोविच यांनी गाण्यांचे शब्द इंग्रजी केले. काही वडीलधाऱ्यांना ते रुचले नसेल, तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु मुलेच जर आजीची भाषा विसरू लागली असतील, तर निदान चाल तरी त्यांच्या ओठी राहिली, हेही खरे. चालीने शब्दांची जागा घेतली नाही. तिने शब्दांकडे परतण्याची वाट मोकळी ठेवली.

ही वाट देवळापर्यंतही आली. मिनेसोटातील लोखंडाच्या खाणींच्या प्रदेशात फादर फ्रँक पर्कोविच यांनी १९७३ साली खाणकामगारांच्या लोकचालींवर भक्तिगीते बसवून 'पोल्का मिस्सा' अर्पण केली. नाचाच्या चाली वेदीजवळ शोभतात काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला व लोकसंगीताला उपासनेचे दार उघडले होते. त्या दारातून श्रमिकांची पेटी आत आली, एवढेच.

इकडे मायदेशी, शहरी मंडळींच्या लेखी बटणपेटी खेडवळ ठरत असताना, लोय्झे स्लाक यांनी १९६४ साली तिला मध्यभागी ठेवून आपला वाद्यवृंद उभारला. त्यांच्या पोल्का-वॉल्ट्झच्या ध्वनिमुद्रिका घराघरांत पोहोचल्या. २०११ साली ते निवर्तले. आज स्लोव्हेनियातील मुले तीच पेटी शिकतात.

वारसा हा केवळ जपून ठेवल्याने टिकत नाही. तो वाजवावा लागतो, प्रसंगी बदलावाही लागतो. मात्र आपण काय बदलले, याचे स्मरण ठेवावे लागते. भाता मिटला की पेटी मुकी होते. तो उघडणारे हात प्रत्येक पिढीने द्यावयाचे असतात.