मागच्या खेपांचा हिशेब

कोकणात सावर्डे परिसरातल्या एखाद्या वयस्क बाईची सगळी बाळंतपणं कागदावर शोधायला गेलं, तर ती एका दप्तरात सापडणं कठीण. पहिलटकरीण माहेरी जायची, पुढचं मूल सासरी सुइणीच्या हातावर व्हायचं आणि नवरा चाकरमानी असला तर एखादं मुंबईत. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969 चा कायदा घटना घडली तिथेच नोंद मागतो, म्हणून एकाच आईची मुलं दोन-तीन दप्तरांत वाटली जातात. हा कायदा उपजत मेलेलं मूल मोजतो. तिसऱ्या महिन्यात पडलेला गर्भ मोजत नाही. कुलवृत्तांतांकडे वळावं, तर तिथे वंश मुलग्यांवरून पुढे सरकतो. दवाखान्याच्या केसपेपरवर मात्र तिच्या सांगण्यावरून चार आकडे शेजारी-शेजारी येतात: खेपा किती, प्रसूती किती, गर्भपात किती, हयात मुलं किती. बाईला केंद्रस्थानी ठेवून मांडलेला हा हिशेब, आणि तो एकत्र असतो फक्त तिच्या तोंडी. सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय झालं 1996 साली. त्याआधीच्या घरच्या बाळंतपणांना तर तिच्या आठवणीशिवाय दुसरा पुरावा क्वचितच.

आठवण हा कच्चा पुरावा, असा आक्षेप येईल. तारखांपुरता तो खराही आहे. पण डॉक्टरला तारखेपेक्षा मागच्या खेपेला काय घडलं ते हवं असतं: सिझर झालं होतं का, रक्तस्राव थांबेना असं झालं होतं का, मूल दिवसांआधी आलं का. न्यूयॉर्कमध्ये 1939 साली लेव्हिन आणि स्टेट्सन या डॉक्टरांनी मृत मूल जन्मलेल्या आणि नवऱ्याचं चढवलेलं रक्त न मानवलेल्या एका बाईची हकिगत मांडली. पुढे आरएच रक्तगटाचा उलगडा झाला, त्यात त्या हकिगतीचाही धागा होता.

दुसरा आक्षेप मला जड वाटतो. बाई खरं सांगेलच कशावरून? सासू शेजारी बसलेली असते. शिवाय महाराष्ट्रात दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्यांवर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्याबाबत निर्बंध आले, तेव्हा मुलांच्या आकड्याला राजकीय किंमत आली. पण यात दोष प्रश्नाचा नाही, उत्तर कुठे पोचेल या धास्तीचा आहे. 1971 च्या गर्भपात कायद्याखालच्या नियमांनी गर्भपाताची नोंदवही गोपनीय ठरवली, ती याचसाठी. मागच्या खेपा विचारताना सासूला बाहेर बसवणं तर त्याहून सोपं आहे.