दिव्यांगांचा भेदभावाविरुद्धचा दावा : तडजोड की निकाल?

तंजावर : दिव्यांगत्वाच्या कारणावरून नोकरी, प्रवेश किंवा प्रवास नाकारल्याचे प्रकरण न्यायालयात गेल्यानंतर प्रतिवादीकडून अनेकदा तडजोडीचा प्रस्ताव येतो. तो स्वीकारावा की निकालापर्यंत लढावे, हे ठरवताना कायद्याबरोबर अंतराचाही विचार करावा लागतो. तंजावरच्या तक्रारदाराला राज्य आयुक्तांकडे जायचे तर चेन्नई सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर. रिट याचिका चालते ती मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठात. लोकअदालत मात्र जिल्ह्यातच भरते. चाकाची खुर्ची वापरणाऱ्या पक्षकाराला प्रत्येक तारखेचा प्रवास मोजावा लागतो आणि समोरच्या पक्षालाही ते ठाऊक असते.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. वाजवी सोय नाकारणे हाही त्यात भेदभावच ठरतो. ‘विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग’ या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक व्यक्तीची गरज स्वतंत्रपणे पाहण्यावर भर दिला. मात्र कलम ३ मध्ये प्रतिवादीसाठी एक वाट ठेवलेली आहे : आपली कृती वैध उद्दिष्टासाठीचे प्रमाणशीर साधन होती, हे त्याने दाखवले तर ती भेदभाव ठरत नाही. म्हणून आधी कागद तपासावेत. सोय लेखी मागितली होती का, उत्तर काय आले, त्यावर तारीख आहे का? मागणीची पोच आणि नकाराचे पत्र हाती असेल तर निकालापर्यंत जाण्यातील जोखीम कमी होते. सारे तोंडीच घडले असेल, तर बरा प्रस्ताव सहजी झिडकारू नये.

रकमेबाबत अवास्तव अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. कलम ८९ खाली पहिल्या उल्लंघनाला १० हजार रुपयांपर्यंत, पुढील उल्लंघनाला ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंड म्हणजे भरपाई नव्हे. जीजा घोष यांचे प्रकरण या संदर्भात पाहण्याजोगे आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या घोष यांना १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्यात स्पाइसजेटच्या विमानातून उतरवण्यात आले. त्या गोव्यातील परिषदेला निघाल्या होत्या. त्यांच्या आणि ‘अडॅप्ट’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी १० लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. चार वर्षे गेली. पण त्या निकालाचा आधार पुढे इतरांना घेता आला. बंद खोलीतल्या समझोत्यातून, विशेषतः गोपनीयतेची अट असल्यास, तसा आधार तयार होत नाही.

प्रवेश आणि परीक्षांच्या बाबतीत वेळ सर्वांत महत्त्वाचा. ‘नीट’ २०२१ मध्ये लेखन-अक्षमता असलेल्या विद्यार्थिनीला वाढीव वेळ मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयानंतर प्रकरण दिल्लीत गेले. सर्वोच्च न्यायालयाने चूक मान्य केली, पण फेरपरीक्षा नाकारून परीक्षा संस्थेला आठवड्यात अन्य उपाय योजण्यास सांगितले. उलट २०२४ मध्ये महाराष्ट्रातील एका एमबीबीएस इच्छुकाची जागा न्यायालयाने प्रकरण चालू असताना रिकामी ठेवायला लावली आणि पुढे प्रवेशही दिला. तेव्हा लढायचे ठरवले तर अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करावी.

सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलेल्यांनी अधिक सावध राहावे. सूट मिळालेल्या आस्थापना वगळता, कलम २०(४) नुसार अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद, तेही नसेल तर अधिसंख्य पद द्यावे लागते. ‘स्वेच्छानिवृत्ती घ्या, एकरकमी पैसे घ्या’ हा प्रस्ताव या हक्कापुढे बहुधा तोकडा ठरतो. १९९५ च्या जुन्या कायद्यातील याच संरक्षणाबाबत कुणाल सिंह प्रकरणात (२००३) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, अपंगत्वामुळे निवृत्तिवेतन मिळाले म्हणून हा हक्क संपत नाही. पण न्यायालयापुढच्या तडजोडीत हक्क सोडल्याचे लिहून दिले, तर परत फिरणे अवघड.

लोकअदालतीतील निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो. त्यावर अपील नाही. मर्यादित कारणांसाठी उच्च न्यायालयात रिट तेवढी करता येते. सहमती झाली नाही तर प्रकरण मूळ न्यायालयात परतते, म्हणजे बोलणी करून पाहण्यात दावा गमावला जात नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार दिव्यांगांना मोफत वकील मिळतो आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. तंजावरमध्ये हा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. मालकाशी केवळ साध्या कागदावर झालेला समझोता मात्र तसा अमलात आणता येत नाही. तो मोडल्यास नव्याने दावा लावावा लागतो.

फौजदारी बाजू वेगळी आहे. सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करण्यासारख्या कलम ९२ मधील गुन्ह्यांना सहा महिने ते पाच वर्षे कैद आहे, आणि तडजोडयोग्य नसलेले गुन्हे लोकअदालतीत मिटवता येत नाहीत. या कायद्यातील काही गुन्हे तडजोडयोग्य करण्याचा केंद्राचा प्रस्ताव जुलै २०२० मध्ये दिव्यांग संघटनांच्या विरोधानंतर मागे पडला. त्यामुळे ‘पैसे घ्या आणि पोलीस तक्रार मागे घ्या’ अशी अट मसुद्यात दिसल्यास सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवावी.

मसुद्यात रकमेपेक्षा इतर कलमे नीट वाचावीत : उतरंड कोणत्या तारखेपर्यंत बांधणार, वाचन सॉफ्टवेअर कोण देणार, सेवाज्येष्ठता कोणत्या दिवसापासून धरणार, आणि मुदत टळली तर काय.