मोठ्या टायरचा इतिहास, आणि मागं ट्रॉली असली तर काय



पावसाळा तोंडावर आला की पिकअपवाले आणि जुन्या जीपवाले एक प्रश्न हमखास विचारतात. पाणंदीच्या चिखलात गाडी रुतते, मग मोठे टायर टाकावेत का? आणि त्याच गाडीमागं ट्रॉली जोडून बाजाराला जायचं असेल तर? उत्तराआधी थोडा इतिहास बघू, कारण ९० वर्षांपूर्वी हाच पेच ट्रॅक्टरवाल्यांपुढं होता.

तेव्हा ट्रॅक्टरला लोखंडी चाकं असायची. बैलगाडीच्या धावेसारखीच, पण वर पोलादी दाते. रानात पकड चांगली, पण सडक फाडून काढायची. म्हणून अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी असे ट्रॅक्टर पक्क्या रस्त्यावर आणायला बंदी होती. १९३२ साली अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीनं विस्कॉन्सिन राज्यात, वॉकेशाजवळच्या एका दूधधंद्याच्या शेतावर ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला फायरस्टोनचे चक्क विमानाचे टायर चढवले. हवा ठेवली फक्त १५ पौंडांच्या आसपास. खरी मेख इथंच आहे. हवा कमी म्हणून टायर जमिनीवर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि चाक खाली जात नाही. नुसता टायर मोठा, पण हवा दगडासारखी, असं केलं असतं तर हा फायदा मिळाला नसता.

शेतकऱ्यांना काही पटेना. रबर ढेकळांत टिकणार कसं? मग कंपनीनं जत्रा-मेळ्यांत ट्रॅक्टरच्या शर्यती लावल्या. १९३३ मध्ये मोटार शर्यतीतला नावाजलेला बार्नी ओल्डफील्ड खास गिअर बसवलेला ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांच्या वर पळवून मोकळा झाला. १९४० पर्यंत तिथले बहुतेक नवे ट्रॅक्टर रबरी टायरवर आले.

पण नुसता टायर बदलून भागलं नाही, हे लक्षात घ्या. लोखंडी चाक जड होतं, रबरी चाक हलकं. ते जागेवरच फिरायला लागलं. मग चाकाला बिडाची वजनं लावली, टायरमध्ये पाणी भरलं. आपल्याकडं नांगरटीला पाणी भरतात, ती हीच युक्ती. शिवाय रस्त्यावर ट्रॉली ओढायची म्हणून वेगळा रस्त्याचा गिअर दिला. म्हणजे टायरबरोबर वजन, हवा आणि गिअर, सगळंच बदललं.

दुसरं उदाहरण जीपचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या क्राऊन-पिनियनचं प्रमाण ४.८८ होतं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये कंपनीनं शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए काढली. ती नांगर ओढणार, ट्रॉली ओढणार. टायरचा साइज तोच, ६.००-१६, म्हणजे उंची साधारण २८ इंच. बदललं काय, तर क्राऊनचं प्रमाण ५.३८ केलं. ओढायची ताकद १० टक्क्यांनी वाढली. याच विलीजच्या जीपा पुढं महिंद्रानं मुंबईत जोडायला घेतल्या.

आता हिशोब करा. त्या जीपला २८ इंचीच्या जागी ३१ इंची टायर टाकला, तर चाकाशी मिळणारी ताकद जवळपास १० टक्के घटते. कंपनीनं शेतकऱ्यासाठी जेवढी वाढवली, तेवढी एका टायरनं खाल्ली. सायकलवर वरचा गिअर टाकून चढ चढावा, तसं होतं. ट्रॉली भरलेली असली की क्लच जळायला लागतो. ब्रेकलाही तेवढाच जास्त जोर लागतो. स्पीडोमीटर ६० दाखवतं तेव्हा गाडी ६६ नं चाललेली असते. घाट उतरताना मागं दोन टन माल असला तर हा फरक लहान नाही.

तिसरं उदाहरण १९४२ सालच्या ‘डक’ ट्रकचं. जमिनीवर आणि पाण्यात चालणारा हा अमेरिकी लष्कराचा ट्रक. नेहमीच्या ट्रकच्या मागच्या जोडटायरांऐवजी याला रुंद एकेरी टायर होते. आणि ड्रायव्हरला बसल्या जागी हवा कमी-जास्त करता यायची. वाळूत कमी, पक्क्या रस्त्यावर पुन्हा भरपूर. एकच टायर दोन्हीकडं चालवायचा तर हवा बदललीच पाहिजे, हे तेव्हाच ठरलं होतं.

तेव्हा आपल्यासाठी सांगायचं ते असं. चिखलात रुतता म्हणून टायर बदलायच्या आधी हवा कमी करून बघा, आणि चांगल्या नक्षीचे त्याच साइजचे टायर बघा. एवढ्यावर बरंच काम भागतं. पण रस्त्याला लागून ट्रॉली जोडायच्या आधी हवा पूर्ण भरा. मऊ टायर ओझ्याखाली तापतो आणि फुटतो.

तरीही मोठा टायर घ्यायचाच असेल, तर टायरच्या अंगावरचा वजनाचा आकडा वाचा. मोठा दिसतो म्हणून जास्त वजन घेतो असं नसतं. गाडी उंच झाली की हूकही उंच होतो, ट्रॉलीचं तोंड वर उचललं जातं, माल मागं सरकतो आणि ट्रॉली शेपूट हलवायला लागते. म्हणून हूक खाली घ्या. आणि क्राऊन बदलायचा खर्च टायरच्या किमतीतच धरा. तो परवडत नसेल, तर ट्रॉली ओढणाऱ्या गाडीला जुनाच साइज बरा.